दुसरा गणपती

"आई, आपण दोन गणपती का आणले?"

माझ्या नवऱ्याच्या, उदयच्या डोक्यावर पाट होता, पाटावर गणपती, आणि गणपतीच्या तोंडावर रुमाल. मी उंबऱ्यात उभी राहून उदयच्या पायांवर दूध-पाणी घालायला वाकले होते. मागे वाडीतली मंडळी झांजा वाजवत होती. ऋजू घरापुढच्या खळ्यात तुळशीपाशी उभी होती. डोक्यावर पपनसाच्या सालीची टोपी, मान एका बाजूला कललेली.

सगळे हसले. माझे सासरे, आबा, सगळ्यांत मोठ्याने.

"दोन दिसतत? बरा झाला. एक तुझो, एक माझो."

मी हसले नाही. दूध उदयच्या पायांऐवजी उंबऱ्यावर सांडलं. ऋजूने माझ्याकडे यायला पाऊल उचललं आणि ते भलत्याच ठिकाणी पडलं. तिने तुळशीवृंदावन धरलं. टोपी घरंगळत गेली.

गणपती आत गेला. मी बाहेर आले, तिच्यापुढे बसले आणि एक बोट वर केलं.

"किती?"

"दोन."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. दोन."

मी तिचा एक डोळा हाताने झाकला. "आता?"

"एक." तिला गंमत वाटली. "परत कर ना."

ऋजू तेव्हा सहा वर्षांची होती. चार वर्षांची असल्यापासून तिला आकडी यायची. शिमग्यात एक मोठी आकडी आली, सावंतवाडीच्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि तेव्हापासून एकदाही आली नव्हती. सकाळी एक, रात्री एक. गोळ्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. त्या गोळीबरोबर येणारा घडी घातलेला कागद मी इतक्यांदा वाचला होता की घड्यांवर तो फाटला होता. पण श्रावण संपत आला तसं काहीतरी बिघडायला लागलं. सकाळी चालताना पाय वाकडे पडायचे. जेवणाचा वास आला की ओकारी. आणि आता हे.

आतून आरती सुरू झाल्याचा आवाज आला. मी तिला कडेवर घेऊन आत गेले. गणपतीच्या डोक्यावर माटवी, फळापानांची लाकडी चौकट, बांधलेली होती. आंब्याचे टाळे, सुपारीचा घोस, नारळ, कवंडळं, आणि मधोमध आमच्या विहिरीजवळच्या झाडाचं भलंमोठं पपनस. ऋजू माझ्या कानात म्हणाली, "आई, उंदीरपण दोन आहेत."

*

डॉ. तिरोडकर मॅडमनी सणाच्या दिवशीही दवाखाना उघडला. ऋजूला सरळ रेषेत चालायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारली, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून घेतले.

"अशी लक्षणं दोन कारणांनी येतात," त्या म्हणाल्या. "एक म्हणजे औषध जास्त होणं. पण डोस तिच्या वजनाला बरोबर आहे, महिने झाले तोच चालू आहे. दुसरं कारण बघायचं तर डोक्याचा एमआरआय करावा लागेल. बेळगावला. एवढी लहान मुलगी स्थिर राहणार नाही, भूल द्यावी लागेल."

"तारीख कधीची मिळेल?" उदयने विचारलं. तो गोव्यात बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होता, सणापुरता घरी आलेला. येताना मोटारसायकलवर ऋजूला मध्ये धरून मी जे इंजिन ऐकत आले होते ते महिनाभरात विकलं जाऊन दुसऱ्या कुणाचं तरी असणार, हे मला त्याच्या त्या एका प्रश्नावरून कळलं.

"मॅडम," मी म्हटलं, "हे सकाळच्या गोळीनंतर थोड्या वेळाने सुरू होतं. दुपारी जेवायच्या वेळेला थांबतं. रोज. डोक्यात काही असेल तर ते घड्याळ बघून येईल का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय शिकलात?"

"बी.ए. इतिहास."

"म्हणूनच वेळा पाठ आहेत." मग म्हणाल्या, "रक्तातलं औषधाचं प्रमाण बघता येतं. मुंबईला पाठवावं लागतं, स्वस्त नाही. आणि खरं सांगू, ते नॉर्मल येईल असंच मला वाटतं."

"मग कशाला?" उदय म्हणाला. "एमआरआय करायचाच आहे ना? डबल खर्च."

"माझ्या शिकवणीच्या पैशातून करू."

"प्रश्न कोणाच्या पैशाचा नाहीये, शलाका."

"मग भरू या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ऋजूची बाही वर केली. बेळगावची तारीखही घेतली, विसर्जनानंतरची. रक्त मुंबईला गेलं आणि आम्ही घरी येऊन दुसऱ्या आरतीला उभे राहिलो.

*

फोन आला तेव्हा मी मोदकांचं सारण परतत होते. गॅस बंद करायलाही सुचलं नाही.

"शलाकाताई, तुमचं घड्याळ बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या. "रक्तात औषध हवं त्यापेक्षा बरंच जास्त आहे."

मला खरं सांगायचं तर नाचावंसं वाटलं. सारण करपत होतं आणि मी कढईपुढे उभी राहून हसत होते. गोळीच होती. डोक्यात काही नव्हतं, गोळी होती.

"पण का जास्त आहे?" त्या म्हणाल्या. "घरात कोणी चुकून दोनदा देतंय का?"

"किल्ली माझ्याकडे आहे."

"पाकिटं बघा तरी. आणि दुसरं काही चालू आहे का? काढा, चूर्ण, कोणा वैद्याची पुडी? सणाला पाहुणे येतात, कोणी काहीबाही देतं. शोधा. आणि माझ्याशिवाय गोळी कमी करू नका, बंद तर मुळीच नको. आकडी परत येईल."

पाकिटं बघितली. एकही गोळी इकडची तिकडे नव्हती. मी कपाट लावलं, आणि किल्ली कमरेला खोचता खोचता मला आबांची आठवण झाली.

रोज दुपारी जेवणं झाली, मी भांडी घासायला बसले की आबा आणि ऋजू मागीलदारी नाहीसे व्हायचे. गुरांच्या मांगरात. "गायीक पेंडी घालूक जातंव," आबा म्हणायचे. पेंडी घालायला तेवढा वेळ लागत नाही. ऋजू परत यायची ती फ्रॉकला तोंड पुसत. एकदा मी विचारलंही होतं.

"काय करता गं तिथे?"

"गुपित आहे. सांगितलं तर फुकट जातं."

तेव्हा मी कौतुकाने हसले होते. आता तेच वाक्य मी मनात पुन्हा फिरवलं. फुकट जातं म्हणजे काय? पुडी? भस्म? आबांच्या ओळखीतला एक माणूस डोंगरापलीकडून मुळ्या घेऊन यायचा. ऋजूच्या पहिल्या आकडीला आबांनी त्याचं नाव काढलं होतं आणि मी भांडून ते बंद केलं होतं.

त्या दुपारी मी भांड्यांवर नुसतंच पाणी सोडून ठेवलं, खळखळ ऐकू यावी म्हणून, आणि केळींमागून मांगराकडे गेले. चप्पल काढून हातात घेतली. स्वतःच्या सासऱ्यावर पाळत ठेवताना मला भीती वाटायला हवी होती. उलट छाती अशी उडत होती की जणू जत्रेत पाळणा वर जातो आहे. मांगराची भिंत माडाच्या विणलेल्या चुडतांची. त्यातल्या एका फटीला मी डोळा लावला.

आबा पाटावर बसले होते. पुढे ऋजू, मांडी घालून. आबांच्या हातात सुरी.

"डोळे मिट," आबा म्हणाले. तिने मिटले. आबांनीही मिटले. ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. मग आबांनी तिच्या तोंडात काहीतरी घातलं.

मी दार ढकललं. "आबा, काय देताय तिला?"

आबांनी हात पाठीमागे नेला. सत्तर वर्षांचा माणूस, शाळेत पकडल्यासारखा.

"काय नाय गो."

"दाखवा."

"आई, तू आलीस म्हणजे फुकट गेलं," ऋजू रडवेली झाली.

आबांनी हात पुढे केला. तळहातावर पपनसाच्या फोडी होत्या. गुलाबी, पाणीदार, एकाही फोडीला पापुद्रा नाही, धागा नाही. असं सोलायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं.

मी शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसलेच. हसू आवरेना.

"पपनस? आबा, पपनसासाठी एवढी चोरी?"

"खोकलो येता म्हणान तूच वरडतंस. आंबट नको, आंबट नको. पोर दुसरा काय तोंडात घेना. ह्या तेवढा खाता."

"रोज?"

"रोज एक."

"अख्खं?"

"बारक्या पोटाक मावता तेवढा," आबा म्हणाले. ऋजूने मान हलवली, "अख्खं."

मी एक फोड उचलून आबांच्या पुढे धरली. पपनस म्हटलं की आबा, हे साऱ्या वाडीला माहीत. मीठ-मिरची लावून झाडाखाली उभ्याने खायचे, मग रस कोपरापर्यंत.

"तुम्ही नाही घेतलं?"

"दातांक लागता आताशा," म्हणत ते गायीकडे वळले.

*

मी घरात आले आणि मॅडमना फोन लावला. अजून हसत होते.

"मॅडम, चोर पकडला. पुडी नाही, मुळी नाही. आजोबा नातीला चोरून पपनस खाऊ घालत होते."

मॅडम हसल्या नाहीत.

"मॅडम?"

"किती खाते?"

"रोज एक. झाड घरचंच आहे. म्हणजे फोडी..."

"कधीपासून?"

"श्रावणापासून असेल," मी म्हटलं. श्रावणात फळं पिकायला लागतात. श्रावण संपत आला तेव्हा ऋजूचे पाय वाकडे पडायला लागले होते.

"शलाकाताई, ऐका. परदेशात एक फळ असतं, ग्रेपफ्रूट. पपनसाच्याच कुळातलं. तिला जी गोळी चालू आहे ती शरीर रोज थोडी थोडी मोडून टाकतं. ते फळ खाल्लं की हे मोडायचं काम मंद पडतं. म्हणजे गोळी तुम्ही बरोबर तेवढीच देता, पण आत ती साठते."

"पण हे तर आपलं पपनस आहे."

"तेच म्हणते. ग्रेपफ्रूटचं मी पुस्तकात वाचलंय. पपनसाचं पेशंटमध्ये कधी पाहिलं नाही. असेलही, नसेलही. तेव्हा उड्या मारू नका. पपनस बंद करा. गोळी तशीच ठेवा. रोज मला फोन करा. जास्त झोपायला लागली, हाक मारल्यावर उठली नाही, तर फोन न करता सरळ घेऊन या. आणि बेळगावची तारीख रद्द करू नका."

उड्या मारू नका असं त्या म्हणाल्या खरं. मी फोन ठेवला आणि मागच्या पडवीत जाऊन, कोणी बघत नाही असं बघून, एक मारली.

मग आबांना सांगायची वेळ आली.

ते गणपतीपुढे बसून वाती वळत होते. ऋजू पाहुण्यांच्या मुलीबरोबर खळ्यात होती. मी सगळं सांगितलं, मॅडमनी सांगितलं तसंच, "असेलही, नसेलही" सकट. आधी ते हसले.

"फळान? देवाच्या माटवेक बांधतंव ता फळ?"

"फळ वाईट नाही, आबा. त्या गोळीबरोबर चालत नाही."

त्यांनी वर बघितलं. डोक्यावर माटवीतलं पपनस लोंबत होतं. हातातली वात वळायची थांबली.

"गो शलाका, मी सोडलंय ता."

"काय सोडलंत?"

"पपनास. शिमग्यात तिका ती मोठी आकडी इली ना, त्या दिसा. पोरग्याक बरा वाटासर एक फोड तोंडात घालूचंय नाय, असा देवाक सांगलंय."

दातांना लागतं म्हणाले होते.

"मग तिला का..."

"माझो वाटो खंय घालू मगे? झाडार पिकान पडतत. तुझ्या सासूचा झाड. म्हटलंय, मी सोडलेला तिच्याच पोटात जाऊदे. नवस लवकर लागतलो." ते वातीकडे बघत राहिले. "रोज नाव घेऊन भरवलंय गो. देवाचा नाव घेऊन."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला केला, उठले, आणि पडवीतला कोयता घेऊन बाहेर पडले.

मी उदयला हाक मारली, पण तो दुकानात गेला होता. मी धावले. आबा विहिरीजवळ पोचले होते. पहिला घाव खोडावर बसला तो मला वाटेतच ऐकू आला. ऋजूनेही ऐकला असावा. ती कुंपणाच्या दगडी गडग्याला धरून धरून मागून आली.

"आजीचं झाड का तोडताय?"

आबांनी दुसरा घाव उगारलेला तसाच ठेवला. "ह्या फळान तुका बरा नाय."

"मग मी नाही खाणार."

"खाशीत तू. आवडता तुका."

"तुम्हालापण आवडतं. तुम्ही कुठे खाता?"

आबांचा हात खाली आला. ऋजूने जरा विचार केला. "नुसती टोपी घालीन."

आबा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला, मी डॉक्टर असल्यासारखा.

"टोपी चालता काय गो?"

"टोपी चालते, आबा."

त्यांनी कोयता माझ्या हातात दिला. खोडावर ती खाच अजून आहे.

*

त्यानंतर घरात एक नवीन आरती सुरू झाली. सकाळी गोळी, मग घड्याळात बघत बसणं, मग माझं बोट.

"किती?"

"दोन."

दुसऱ्या सकाळी, "दोन." उदय म्हणाला, "मी सांगत होतो." मी म्हटलं, "तू काहीच सांगत नव्हतास." तो हसला. किती दिवसांनी.

पुढे एकदा तिने बोट बराच वेळ न्याहाळलं. "दोन. पण चिकटलेले."

आबा दाराआड उभे होते. त्यांना वाटलं मला दिसत नाहीत.

मग एका सकाळी, "दीड."

"दीड कसं असेल?"

"एक आहे आणि त्याची सावली आहे." तिने त्या दिवशी उकडीचा मोदक मागून घेतला आणि ओकारी न होता खाल्ला. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "उड्या मारू नका." मी म्हटलं, "नाही मारत." तेव्हा माझ्या आवाजात धाप होती, ती त्यांना ऐकू गेली असणार, कारण त्याही हसल्या.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी इतकी धांदल होती की बोट दाखवायचं राहूनच गेलं. पाहुणे, नैवेद्य, शिदोरी बांधणं. गणपती निघायच्या वेळी उदयने पाट डोक्यावर घेतला. ऋजू खळ्यात तुळशीपाशी, पहिल्या दिवशी होती तिथेच उभी होती. पण मान सरळ. ती उदयकडे बघत होती, मग त्याच्या मागे, मग घरात डोकावून आली.

"आई, दुसरा गणपती कुठे गेला?"

झांजा वाजत होत्या. तरी उदयला ऐकू गेलं. तो जागेवरच थांबला. डोक्यावर गणपती, म्हणून त्याला मान वळवता येईना.

"काय म्हणाली ती? शलाका, काय म्हणाली?"

"चल तू," मी म्हटलं. "एकच आहे. सांभाळून ने."

व्हाळावर, ओढ्याकाठी पोचल्यावर आबांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गणपतीला निरोप देताना घरातला मोठा माणूस देवाशी मोठ्याने बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला हुंकार देतात. दरवर्षी आबा पाऊसपाणी, गुरंढोरं, मुंबईला गेलेली माणसं सगळं सांगायचे. त्या वर्षी एवढंच म्हणाले,

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक तू एकाचे दोन दाखवलंस."

"होय म्हाराजा," मंडळी म्हणाली.

"आणि दोनाचो परत एक केलंस."

"होय म्हाराजा." अर्ध्या लोकांना कळलं नव्हतं, पण आवाज सगळ्यांचा होता.

"आता ह्यो एकच ऱ्हवांदे."

हुंकार द्यायचा सोडून मी ऋजूकडे बघत राहिले. उदयने माझ्या वाटणीचंही मोठ्याने म्हटलं.

घरी आल्यावर माटवी सोडली. पुन्हा रक्त मुंबईला गेलं, प्रमाण खाली आलं, बेळगावची तारीख आधी पुढे गेली आणि मग मॅडमनी काढूनच टाकली. मोटारसायकल उदयकडेच राहिली. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी ऋजूने माटवीतलं पपनस दोन्ही हातांत उचललं आणि पडवीत आबांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

"मी बरी झाले. आता तुमचं सोडलेलं परत घ्या."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी काही सांगितलं नव्हतं. मांगरातली गुपितं तिला माझ्याआधीच ठाऊक होती.

"तू खाणार नाय, तर माका कशाक?"

"माझा वाटापण तुम्हीच खायचा," ऋजू म्हणाली. "मी सोलते. डोळे मिटा."

तिने सोललं ते बघवत नव्हतं. फोडी फुटल्या, पापुद्रे तसेच, बिया तशाच. आबांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. तिने एक फोड आत सारली, मग दुसरी, गिळायचीही सवड न देता. रस आबांच्या हनुवटीवरून सदऱ्यावर उतरला. सालीचा अर्धा भाग तिने स्वतःच्या डोक्यावर घातला, अर्धा आबांच्या.

मी दारात उभी होते. सवयीने बोट वर गेलं.

"एक," ऋजू मागे न बघताच म्हणाली.

"बघून सांग."

ती वळली. दोन्ही डोळे माझ्या बोटावर, सरळ. "एक."

"एक," भरल्या तोंडाने आबाही म्हणाले. डोळे त्यांनी अजून मिटलेलेच होते.